उशिरा पोचणारी दुरुस्ती

ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या अंगावर अंडी घालणारी एक माशी आहे. तिच्या अळ्या जिवंत मेंढीचे मांस पोखरतात. कॅनबेरातले कीटकशास्त्रज्ञ अलेक्झांडर जॉन निकोल्सन यांनी ही माशी पिंजऱ्यात वाढवली, तिच्या संख्येचा दीर्घकाळ हिशेब ठेवला आणि १९५४ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका प्रयोगात अळ्यांना हवे तेवढे खाद्य होते. प्रौढ माश्यांना मात्र रोज मोजून अर्धा ग्रॅम यकृत मिळे. रोजचे अन्न सारखे आणि बाहेरून कसलाही उपद्रव नाही, तेव्हा माश्यांची संख्या एखाद्या आकड्यावर स्थिरावेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती हजारांच्या घरात चढे, मग कोसळून अगदी थोडी उरे आणि पुन्हा चढे. साधारण ३५ ते ४० दिवसांचे हे चक्र थांबतच नव्हते.

कारण माशीच्या वाढीत दडले होते. गर्दी कमी असली की प्रत्येक मादीला पोटभर यकृत मिळते आणि ती भरपूर अंडी घालते. त्या अंड्यांतून प्रौढ माश्या बाहेर यायला सुमारे दोन आठवडे लागतात. तोवर पिंजरा मोकळाच दिसतो आणि अंडी घालणे चालूच राहते. मग सगळी पिढी एकदम उडू लागते, यकृत कोणालाच पुरत नाही, अंडी थांबतात. पण आधी घातलेल्या अंड्यांतून माश्या निघतच राहतात. आजच्या गर्दीवर ठरलेल्या गोष्टीचा परिणाम दोन आठवड्यांनी दिसतो, आणि तोवर परिस्थिती उलटलेली असते.

असे विलंब सगळीकडे आहेत. लेथवर काम करणारा कारागीर ‘चॅटर’ चांगला ओळखतो : हत्यार थरथरू लागते, आवाज चढतो आणि जॉबवर, म्हणजे कापल्या जाणाऱ्या फिरत्या तुकड्यावर, लाटांसारख्या खुणा उमटतात. हत्यार या क्षणी जो पृष्ठभाग कापत असते, तो त्यानेच एका फेऱ्यापूर्वी मागे ठेवलेला असतो. जॉब मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला ०.१ सेकंद लागते. म्हणजे हत्यारावर येणारा जोर त्याच्या आताच्या जागेइतकाच ०.१ सेकंदापूर्वीच्या जागेवरही ठरतो. फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ मध्ये धातू कापण्याच्या कलेवर लिहिताना चॅटर हा यंत्रकामातला फार अवघड आणि गूढ प्रश्न मानला होता. मागच्या फेऱ्याच्या खुणांमुळे थरथर स्वतःला पोसत राहते, हा उलगडा टोबियास आणि ट्लुस्टी यांच्या कामातून १९५०च्या दशकात नीट झाला.

जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ मोटारी ठेवल्या. चालकांना सारख्या वेगाने चालत राहायला सांगितले. सिग्नल नाही, खड्डा नाही, अपघात नाही. तरी थोड्या वेळाने काही गाड्या पूर्ण थांबल्या आणि ती कोंडी ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे मागे सरकू लागली. हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या गाडीतला बदल मागच्याला जाणवून त्याची गाडी प्रतिसाद देईपर्यंत वेळ जातो, आणि दाटीवाटीत तेवढी दिरंगाई कोंडी उभी करायला पुरते.

माशी, हत्यार आणि मोटार यांना एकत्र बांधणारे गणित म्हणजे विलंब असलेली अवकल समीकरणे. कॉलेजात आपण डिफरन्शियल इक्वेशन शिकतो, त्यांचाच हा जास्त हट्टी प्रकार. त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न स्थैर्याचा असतो : समतोल ढळला तर तो परत येईल, की डोलणे वाढत जाईल? या प्रश्नाची खात्रीची उत्तरे मिळवण्याची एक वाट रशियातल्या एका प्रबंधातून निघाली. तिथे जाण्याआधी विलंब नेमके काय बिघडवतो ते पाहू.

एक गुणाकार

सर्वांत साधे उदाहरण घेऊ. एखादी राशी समतोलापासून जितकी ढळली असेल, तितक्या प्रमाणात तिला उलट दिशेने ढकलायचे. ढळण्याच्या प्रत्येक एककामागे दर सेकंदाला किती दुरुस्ती होते, त्याला ‘दुरुस्तीचा जोर’ म्हणू. विलंब नसेल तर प्रश्नच नाही : जोर कितीही ठेवा, राशी समतोलाकडे येते, आणि जोर जितका जास्त तितकी लवकर येते.

आता दुरुस्ती जुन्या माहितीवर होते असे माना. एका सेकंदापूर्वी आपण जितके ढळलो होतो, त्यानुसार आज ढकलायचे. मग सगळे काही एकाच संख्येवर ठरते : दुरुस्तीचा जोर गुणिले विलंब. हा गुणाकार १ भागिले ई, म्हणजे सुमारे ०.३७ पर्यंत असेल, तर राशी न डोलता समतोलाकडे येऊ शकते. त्यापुढे ती समतोल ओलांडून पलीकडे जाते, परत फिरते, पण प्रत्येक वेळी डोलणे कमी होत जाते. गुणाकार पाय भागिले २ इतका, म्हणजे सुमारे १.५७ झाला, की डोलणे कमीही होत नाही आणि वाढतही नाही. विलंबाच्या चौपट काळात एक फेरा, असे ते अखंड चालते. त्याच्या वर गेले की प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा.

दुरुस्ती करणाऱ्याचा हेतू बदललेला नाही, दिशाही योग्यच आहे. फक्त ती अशा वेळी पोचते की तोवर राशी समतोलाच्या पलीकडे गेलेली असते. मग सावरण्यासाठी दिलेला धक्का तिला आणखी दूर लोटतो.

मोटारींच्या बाबतीत हे गणित रॉबर्ट हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८-५९ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत मांडले. त्यांच्या प्रारूपात चालक पुढच्या गाडीशी असलेल्या वेगाच्या फरकाला काही क्षणांनी प्रतिसाद देतो. पुढची गाडी एकसारख्या वेगाने जात असेल, तर मागच्या एकट्या गाडीसाठी मर्यादा वरचीच, १.५७. पण गाड्यांची लांब रांग असेल, तर गुणाकार ०.५ च्या खाली ठेवावा लागतो. नाहीतर पहिल्या गाडीचा किरकोळ ब्रेक मागे जाताना वाढत जातो. प्रत्येक चालक स्वतःपुरता सावरलेला असतो आणि रांग मात्र कोलमडते.

आजचा आकडा पुरत नाही

साध्या अवकल समीकरणात ‘आता काय आहे’ हे कळले की पुढचे सगळे ठरते. विलंब आला की एवढी माहिती पुरत नाही. एका सेकंदाचा विलंब असेल, तर पुढचे सांगायला गेल्या संपूर्ण सेकंदाचा आलेख हातात लागतो. एका आकड्याच्या जागी इतिहासाचा अख्खा तुकडा येतो, आणि त्या तुकड्यावर अनंत बिंदू असतात. म्हणूनच अशा समीकरणाचे बीजगणित लिहायला घेतले की त्याला अनंत मुळे निघतात. समीकरण साधे रेषीय असेल आणि विलंब कायम असेल, तर त्या मुळांचा माग काढता येतो, ०.३७ आणि १.५७ या मर्यादा तशाच मिळतात. पण विलंब क्षणाक्षणाला बदलत असेल किंवा दुरुस्तीचा नियमच वाकडातिकडा असेल, तर ही वाट बंद होते. तिथे ल्यापुनोव्ह मदतीला येतात.

अलेक्झांडर मिखाइलोविच ल्यापुनोव्ह यांचा जन्म १८५७ मध्ये रशियातल्या यारोस्लाव्हल शहरात झाला. सेंट पीटर्सबर्गला ते चेबिशेव्ह यांचे विद्यार्थी होते. पुढे खारकिव्ह विद्यापीठात शिकवत असताना १८९२ मध्ये त्यांनी गतीच्या स्थैर्यावरचा आपला डॉक्टरेटचा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातली एक युक्ती इतकी सरळ आहे की ती समजायला समीकरण सोडवता येण्याची गरज नाही. अशी एक राशी शोधा, जी समतोलावर शून्य असते, इतरत्र धन असते आणि गती चालू असताना सतत घटत राहते. अशी राशी सापडली की काम संपले. ती घटत घटत शून्याकडे जाणार, म्हणजे गतीही समतोलाकडे जाणार. प्रत्यक्ष मार्ग कसा होता, किती वळणे घेतली, हे न कळताही निकाल पक्का. या राशीला आज ल्यापुनोव्ह फलन म्हणतात.

हीच कल्पना विलंबाच्या समीकरणावर लावून पाहू. सर्वांत स्वाभाविक राशी म्हणजे ढळण्याचा वर्ग : तो कधी ऋण नसतो आणि समतोलावर शून्य होतो. त्याच्या बदलाचा दर काढला की आजचे ढळणे गुणिले जुने ढळणे असे पद येते. दोन्ही एका बाजूचे असतील तर राशी घटते. आज आपण समतोलाच्या उजवीकडे आणि सेकंदापूर्वी डावीकडे होतो, तर ती वाढते. विलंबाच्या गतीत बहुधा डोलणे असते, आणि तेव्हा दोन्ही गोष्टी आळीपाळीने घडतात. राशी सतत घटत नाही आणि निकालही लागत नाही.

१९५६ मधल्या दोन वाटा

ही कोंडी सोव्हिएत संघात दोघांनी वेगवेगळ्या रीतीने फोडली आणि दोन्ही कामे १९५६ च्या सुमाराची आहेत.

पहिले निकोलाय क्रासोव्हस्की, उरल प्रदेशातल्या स्वेर्दलोव्हस्कचे, म्हणजे आजच्या येकातेरिनबर्गचे गणिती. त्यांचे म्हणणे असे : अवस्था जर इतिहासाचा तुकडा असेल, तर मोजणारी राशीही त्या संपूर्ण तुकड्यावर बेतलेली हवी. किराणा दुकानदाराची खरी स्थिती केवळ गल्ल्यातल्या रोकडीवरून कळत नाही. वहीतली उधारीही धरावी लागते, कारण ती आज ना उद्या गल्ल्यावर उतरणारच. आजच्या ढळण्याचा वर्ग ही रोकड, आणि गेल्या विलंबकाळात साठलेले, अजून परिणाम करायचे असलेले ढळणे ही उधारी. क्रासोव्हस्की यांनी दोन्हींची बेरीज घेतली.

तिचा उपयोग कसा होतो ते एका उदाहरणात पाहण्यासारखे आहे. एखाद्या राशीवर दोन बळे काम करतात. एक तिला आजच्या स्थितीनुसार, विनाविलंब, समतोलाकडे खेचते. त्याचा जोर अ. दुसरे जुन्या स्थितीनुसार ढकलते; त्याचा जोर ब, दिशा कोणतीही. आता आजच्या ढळण्याच्या वर्गात, ब गुणिले गेल्या विलंबकाळातल्या सर्व वर्गांची बेरीज मिळवा. या एकूण राशीच्या बदलात चार पदे येतात : पहिल्या बळामुळे उणे दोन अ गुणिले आजचा वर्ग, दुसऱ्या बळामुळे दोन ब गुणिले आजचे आणि जुने ढळणे, वहीत आज नव्याने चढलेली नोंद, ब गुणिले आजचा वर्ग, आणि वहीतून बाहेर पडलेली सर्वांत जुनी नोंद, उणे ब गुणिले जुना वर्ग. त्रासदायक पद दुसरे. पण कोणत्याही दोन संख्यांच्या गुणाकाराची दुप्पट त्यांच्या वर्गांच्या बेरजेहून मोठी नसते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. ते वापरले की जुना वर्ग नेमका कटतो आणि जास्तीत जास्त उरते ते उणे दोन गुणिले (अ वजा ब) गुणिले आजचा वर्ग. म्हणजे अ हा ब पेक्षा मोठा असला की राशी घटते आणि समतोल टिकतो, मग विलंब एक सेकंदाचा असो वा एक वर्षाचा. शालेय असमानतेच्या बळावर सर्व विलंबांना पुरणारी हमी मिळते. या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी ही पायरी आहे.

दुसरे बोरिस राझुमिखिन. त्यांनी वही न ठेवता रोकडीवरच भागवले, पण तपासणीची वेळ चतुराईने निवडली. ढळणे वाढत जायचे असेल, तर कधी ना कधी आजचा आकडा अलीकडच्या सगळ्या आकड्यांना गाठणार किंवा मागे टाकणार. मग प्रत्येक क्षणी घट सिद्ध करण्याची गरज काय? आजचे ढळणे अलीकडच्या इतिहासात सर्वांत मोठे असेल, तेवढ्याच क्षणी ते घटते हे दाखवले तरी ते मर्यादेबाहेर जाणार नाही. हीच अट किंचित कडक केली की ते शून्याकडे जाते हेही सिद्ध होते. विलंब अनियमितपणे बदलत असेल तिथे ही रीत फार सोयीची पडते.

हमीची किंमत

ही साधने फुकट नाहीत. आपले पहिले समीकरण पुन्हा घ्या, ज्यात सगळी दुरुस्ती विलंबानेच होते. त्यासाठी क्रासोव्हस्की पद्धतीची एक साधी राशी बांधली, तर जोर गुणिले विलंब १ पेक्षा कमी असेपर्यंत स्थैर्य सिद्ध होते. खरी मर्यादा १.५७ आहे. म्हणजे १ ते १.५७ या पट्ट्यात समतोल टिकतो, पण आपली राशी ते दाखवू शकत नाही. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : राशी सापडली तर स्थैर्य सिद्ध होते, सापडली नाही म्हणून अस्थैर्य सिद्ध होत नाही. उलट, रेषीय समीकरण खरोखर स्थिर असेल तर अशी एखादी राशी असतेच, हेही गणिताने दाखवून दिले आहे. कमी पडतो तो आपला शोध.

हा शोध गेली तीसेक वर्षे जोरात चालू आहे. केचिन गू यांनी १९९७ मध्ये इतिहासाचे तुकडे पाडून राशी बांधण्याची रीत दिली. खारितोनोव्ह आणि झाब्को यांनी २००३ मध्ये रेषीय समीकरणांसाठी पूर्ण स्वरूपाच्या राशींचा सिद्धांत मांडला. स्यूरे आणि ग्वाइस्बो यांनी २०१३ मध्ये असमानता अधिक घट्ट करून मर्यादा खऱ्या आकड्याच्या पुष्कळ जवळ नेल्या. आता योग्य राशी हुडकण्याचे काम बहुतेक वेळा संगणक करतो. तो जे हाती देतो ते गणिती प्रमाणपत्र असते आणि दुसरा कोणीही ते स्वतंत्रपणे तपासू शकतो.

बदलत्या विलंबाची गोष्ट आणखी बोलकी आहे. अनातोली मिश्किस यांनी १९५१ मध्ये दाखवले की विलंब मनमानी बदलत असेल, तर जोर गुणिले सर्वांत मोठा विलंब हा आकडा १.५ च्या खाली असावा लागतो, आणि ही मर्यादा आणखी वर सरकवता येत नाही. कायम विलंबासाठी १.५७ चालते, बदलत्यासाठी १.५ च. म्हणजे गुणाकार १.५५ असेल, तर सतत एक सेकंदाचा विलंब परवडतो. पण कधी एक सेकंद, कधी त्याहून कमी असा बदलता विलंब समतोल मोडू शकतो. विलंब कधी कधी कमी झाला तर भलेच होईल, असा आपला समज असतो. गणित त्याला आधार देत नाही. जाळ्यांवरून चालणाऱ्या नियंत्रणात, जिथे संदेश कधी झटकन पोचतो आणि कधी रेंगाळतो, हा फरक जिव्हाळ्याचा ठरतो.

नियम वाकडातिकडा असला की काय होते, याचे उदाहरण पुन्हा लोकसंख्येतून येते. जॉर्ज एव्हलिन हचिन्सन यांनी १९४८ मध्ये प्राण्यांच्या संख्येसाठी विलंब असलेले एक समीकरण सुचवले. ब्रिटिश गणिती एडवर्ड राइट यांच्यापर्यंत त्याचेच दुसरे रूप मूळ संख्यांच्या अभ्यासातून पोचले. १९५५ मध्ये त्यांनी सिद्ध केले की गुणाकार १.५ पर्यंत असेल, तर सुरुवात कुठूनही होवो, शेवट समतोलावरच होतो. हे १.५७ पर्यंत खरे असावे, असा त्यांचा अंदाज होता. मधल्या ०.०७ च्या पट्टीचा पूर्ण निकाल यान बाउवे व्हान डेन बर्ग आणि जोनाथन जॅकेट यांनी संगणकाच्या साहाय्याने दिला, तेव्हा २०१८ साल उजाडले होते. त्रेसष्ट वर्षे.

याचे करायचे काय?

गणित दोनच उपाय सांगते : जोर कमी करा, नाहीतर विलंब कमी करा. चंद्राच्या मोहिमांत दोन्ही वापरले गेले आहेत. पृथ्वीपासून चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. संदेश जाऊन उत्तर परत यायला सुमारे २.५६ सेकंद लागतात. आपल्या साध्या समीकरणात एवढा विलंब धरला, तर दुरुस्तीचा जोर सेकंदाला ०.६ च्या वर नेता येत नाही. १९७० मध्ये सोव्हिएत संघाची लुनोखोद-१ ही गाडी पृथ्वीवर बसलेल्या चमूने चंद्रावर चालवली, ती ताशी फार तर २ किलोमीटर वेगाने. त्यांनी जोर कमी ठेवला होता. उतरणाऱ्या यानाला ही मुभा नसते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चे विक्रम उतरले, तेव्हा अखेरच्या सुमारे १९ मिनिटांतले निर्णय यानावरच्या संगणकाने घेतले. इस्रोने पृथ्वीपर्यंतचा फेरा गाळून विलंबच तोडला.

मध्यवर्ती बँक व्याजदर बदलते तेव्हा त्याचा परिणाम महागाईवर दिसायला अनेक महिने जातात. डॉक्टर औषधाची मात्रा बदलतात तेव्हा रक्तातला बदल उशिराच कळतो. अशा प्रत्येक ठिकाणी परिणाम दिसत नाही म्हणून जोर वाढवण्याचा मोह होतो, आणि विलंबाच्या प्रणालीत तोच मोह सर्वांत महाग पडतो. गणित किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की क्रासोव्हस्की यांचे वरचे उदाहरण एकदा कागदावर स्वतः सोडवून पाहा. त्याला अवकलन, समाकलन आणि शाळेतली एक असमानता एवढीच सामग्री लागते. बाकी सर्वांसाठी सव्वाशे वर्षांहून जुन्या या परंपरेचा सल्ला थोडक्यात असा आहे : माहिती शिळी असेल तोवर हात हलका ठेवा, आणि हात जोरात चालवायचाच असेल तर आधी माहिती ताजी मिळण्याची सोय करा.